उजेड तोच, धातू तोच, शेजार वेगळा: धातूच्या पृष्ठभागावरचं प्रकाशाचं रसायन

(ऐकायला वेळ नसलेल्या आणि वाचायला आवडणाऱ्या श्रोत्यांसाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)

आज आपण पितळेपासून सुरू करून प्रयोगशाळेतल्या सोन्याच्या कणांपर्यंत जाणार आहोत, आणि शेवटी धानाच्या पानावर येऊन थांबणार आहोत. विषय ऐकायला जरा जड आहे: धातूवर उजेड पडला की तिथे जी रासायनिक क्रिया होते, तिच्यावर आजूबाजूच्या रेणूंचा काय परिणाम होतो? पण घाबरू नका. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला हा विषय अर्धा आधीच ठाऊक असतो. आपल्याला फक्त त्याची नावं माहीत नसतात.

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात हे तुम्हाला सांगायला नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. घरात पितळेचं भांडं वापरलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती तुम्हाला तीन गोष्टी सांगेल. एक, नुसतं कोरडं ठेवलेलं भांडं हळूहळू काळवंडतं. दोन, त्याच भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं तर ते कळकतं. आणि तीन, आतून कल्हई असेल तर तेच ताक निवांत राहतं.

आता या तिन्ही गोष्टींत भांडं एकच आहे. धातू तोच. बदललं काय? तर धातूला चिकटून जे काही आहे ते. कधी हवा आणि दमटपणा, कधी आंबट पदार्थ, कधी कथलाचा पातळ थर. म्हणजे धातू काय करेल हे एकट्या धातूवर ठरत नाही, त्याच्या शेजारावर ठरतं.

कल्हईवाल्याचं काम आठवा. भांडं तापवतो, त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील फिरवून कापसाने पुसून घेतो. तो नवसागर कशासाठी? तर तो तापल्यावर फुटतो, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू निघतात, आणि ते धातूवरचा गंजाचा पापुद्रा खाऊन टाकतात. पृष्ठभाग उघडा झाला की मगच कथील बसतं. पृष्ठभाग आधी मोकळा करायचा आणि मग हवा तो शेजारी तिथे बसवायचा, हे आधुनिक रसायनशास्त्रातलं मोठं काम आपला कल्हईवाला रस्त्याच्या कडेला भाता मारत करत होता.

या सगळ्यात उजेड मात्र अजून आलेला नाही. तो आता आणू.

परातीतलं पाणी

धातूच्या आत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. एकेका अणूला बांधलेले नसतात, सगळ्या तुकड्यात मिळून फिरतात. म्हणूनच धातूतून वीज वाहते आणि म्हणूनच तो चकाकतो. आता पितळेच्या परातीत पाणी घेऊन तुम्ही अंगणातून चालत आहात असं समजा. हळू चाललात तर पाणी शांत राहतं. खूप झपझप, अगदी बारीक पावलं टाकलीत तरी फारसं हलत नाही. पण मधल्याच एका चालीला पाणी असं हिंदकळायला लागतं की काठावरून बाहेर पडतं. ती चाल आणि पाण्याच्या हेलकाव्याची लय जुळलेली असते.

उजेड ही लाट आहे. धातूच्या अगदी बारीक कणावर ती आदळली की कणातले मोकळे इलेक्ट्रॉन असेच हिंदकळतात. कणाची लय आणि उजेडाची लय जुळली तर हेलकावा प्रचंड मोठा होतो. या सामूहिक हेलकाव्याला शास्त्रज्ञ प्लाझ्मॉन म्हणतात. त्यासाठी कण मात्र फार लहान लागतो. वीस नॅनोमीटरचा कण घेतला, तर माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे साधारण चार हजार कण ओळीने मावतील.

या लयीचा पुरावा डोळ्यांना दिसतो. सोन्याचे असे कण पाण्यात मिसळले तर पाणी पिवळं दिसत नाही, माणकासारखं लाल दिसतं. कारण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड ते कण शोषून घेतात आणि उरलेला लाल आपल्यापर्यंत येतो.

आणि इथेच शेजाऱ्याचा पहिला परिणाम दिसतो. परातीत पाण्याऐवजी काकवी भरली तर ती पाण्यासारखी हिंदकळेल का? नाही ना. तसंच सोन्याच्या कणाभोवती पाणी आहे, तेल आहे की एखाद्या रेणूचा थर आहे, यावर तो कोणत्या रंगाला सगळ्यात जास्त हेलकावेल हे थोडं थोडं बदलतं. कण एकमेकांना चिकटले तर बदल इतका मोठा होतो की लाल पाणी निळसर, जांभळं दिसायला लागतं. म्हणजे कणाने उजेड किती पकडायचा, याच्यातही शेजाऱ्यांचं मत घेतलं जातं.

कोटीव्या भागाचा कोटीवा भाग

आता खरी गंमत. हा हेलकावा टिकतो किती वेळ? सेकंदाचा कोटीवा भाग घ्या, आणि त्याचाही पुन्हा कोटीवा भाग करा. साधारण तेवढाच. मग हेलकावा मोडतो आणि त्याची ऊर्जा काही थोड्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला येते. हे इलेक्ट्रॉन खूप ऊर्जेचे असतात, म्हणून त्यांना तप्त इलेक्ट्रॉन म्हणतात. जिथून इलेक्ट्रॉन उठून गेला तिथे रिकामी जागा राहते, तिला पोकळी म्हणू.

हे तप्त इलेक्ट्रॉनही फार टिकत नाहीत. आपसांत आणि अणूंशी धडकत धडकत ते आपली ऊर्जा वाटून टाकतात, कण तापतो, मग ती उष्णता आजूबाजूला जाते आणि खेळ संपतो. म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर बसलेल्या रेणूला त्या इलेक्ट्रॉनचा उपयोग करून घ्यायचा असेल, तर तो निवण्याआधी त्याने झेलला पाहिजे. शेंगदाण्याच्या फेरीवाल्याकडून चालत्या गाडीत पुडी घ्यायची असते ना, तसं. हात आधीच खिडकीबाहेर असला पाहिजे.

हा हात खिडकीबाहेर काढायला मदत करतो तो शेजार. ही मदत तीन प्रकारची असते.

पहिली: दारात कोण उभं आहे. असे धातूचे कण पाण्यात उघडे सोडले तर एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून त्यांच्यावर कुठल्यातरी रेणूंचं पांघरूण घालतात. बऱ्याचदा हे पांघरूण सायट्रेटचं असतं. सायट्रेट म्हणजे आपल्या लिंबातल्या आम्लाचाच भाऊ. पण पांघरूण जाड झालं तर ज्या रेणूवर क्रिया करायची तो आतच येऊ शकत नाही. कल्हईने ताक वाचतं ते यामुळेच, आणि इथे काम अडतं तेही यामुळेच.

दुसरी: पोकळी कोण भरतो. इलेक्ट्रॉन बाहेर गेला की मागे पोकळी उरते. ती कोणी भरली नाही तर गेलेला इलेक्ट्रॉन परत खेचला जातो. म्हणून शेजारी असा एखादा रेणू लागतो जो स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ती जागा भरेल. अल्कोहोल हे काम आनंदाने करतं. पाणीही करतं, पण कुरकुरत. आणि सायट्रेट तर दोन्ही नोकऱ्या करतं, पांघरूणही होतं आणि पोकळीही भरतं. २००१ साली अमेरिकेत चांदीच्या गोल कणांवर नुसता उजेड टाकून त्यांचे चपटे त्रिकोण झाल्याचं दाखवलं गेलं. नंतरच्या कामात कळलं की त्यात सायट्रेटचा मोठा हात होता. ते आपले इलेक्ट्रॉन चांदीला देत होतं आणि त्या जोरावर कण वाढत होते. ज्याला सगळे नुसतं पांघरूण समजत होते तोच कामगार निघाला.

तिसरी: येणाऱ्या पाहुण्याला सांभाळतो कोण. रेणूने इलेक्ट्रॉन झेलला की तो भारित होतो, अस्वस्थ होतो, आणि लगेच तो इलेक्ट्रॉन परत टाकून देऊ पाहतो. अशा वेळी शेजारी विरुद्ध भाराचं कोणी असेल तर त्याला धरून ठेवतं, शांत करतं. तेवढ्या अवधीत पुढची पायरी होऊन जाते.

मुंबईत शिकलेल्या एका रसायनतज्ज्ञाचं काम

ही तिसरी मदत किती निर्णायक असते, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मुंबईशी जोडलेलं आहे. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, जुन्या लोकांची यूडीसीटी, तिथून शिकून गेलेले प्रशांत जैन हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अर्बाना-शँपेनला प्राध्यापक आहेत. धातूचे बारीक कण आणि उजेड हाच त्यांचा विषय.

त्यांच्या गटाने प्रश्न घेतला कार्बन डायऑक्साइडचा. या वायूपासून उजेडाच्या मदतीने इंधन बनवता येईल का? झाडं साखर बनवतात, आपण इंधन बनवू. ऐकायला सोपं आहे. पण कार्बन डायऑक्साइड हा भलता समाधानी रेणू आहे. एक कार्बन, दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन, काठीसारखा सरळ. त्याला काही नको असतं. त्याला एक जादा इलेक्ट्रॉन द्यायचा तर जवळपास उणे १.९ व्होल्टचा जोर लावावा लागतो, आणि इलेक्ट्रॉन मिळाला की तो कमरेत वाकतो. ताठ माणसाला वाकवायला त्रास होतो तसाच हा त्रास आहे.

२०१८ साली या गटाने दाखवलं की सोन्याच्या कणांवर दृश्य उजेड टाकला, पोकळी भरायला अल्कोहोल दिलं, तर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन आणि इथेन हे वायू बनतात. म्हणजे एक कार्बन आणि दोन कार्बनचे रेणू.

२०१९ साली सुंगजू यू आणि प्रशांत जैन यांनी शेजारच बदलला. सोनं तेच. उजेड हिरवा, जो सोन्याच्या लयीला जुळतो. पण या वेळी पाण्यात एक आयनिक द्रव घातला. आयनिक द्रव म्हणजे काय? मीठ म्हणजे धन आणि ऋण भारांची जोडी. आपलं खाण्याचं मीठ घन असतं, पातळ व्हायला त्याला ८०० अंश सेल्सियस लागतात. पण काही मिठांचे कण इतके बेढब असतात की ते नीट रचून बसतच नाहीत, साध्या तापमानालाही द्रव राहतात. नुसत्या भारित कणांचा असा हा द्रव.

त्याने काय झालं? एक-दोन कार्बनवर थांबणारी गाडी तीन कार्बनपर्यंत गेली. मिथेन होताच, शिवाय एथिलीन, ॲसिटिलीन, प्रोपेन, प्रोपीन. प्रोपेन तर आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधला घटक. अभ्यासकांचं स्पष्टीकरण असं की, इलेक्ट्रॉन घेऊन वाकलेल्या त्या अस्वस्थ कार्बन डायऑक्साइडला आयनिक द्रवातले धनभारित कण सांभाळून धरतात. तो पृष्ठभागावर जास्त वेळ टिकतो, आणि टिकला की शेजारच्या दुसऱ्या कार्बनला जाऊन मिळतो.

इथे थोडं थांबून विचार करा. सोन्याने जास्त उजेड पकडला म्हणून हे झालं नाही. अधिक महागडा धातू वापरला म्हणूनही नाही. अवघड पाहुण्याला दोन घटका धरून ठेवणारं कोणीतरी बाजूला होतं म्हणून झालं.

आणि हो, उत्पन्न किती? फार थोडं. यावर उद्या सकाळी कोणाच्या घरी चूल पेटणार नाही. हा मार्ग असू शकतो एवढंच या कामाने दाखवलंय. तुम्हाला कोणी सोन्याच्या पाण्यातून गॅस काढून देतो म्हणाला, तर खिसा सांभाळा.

रामन यांच्या रस्त्यावरची एक फसगत

आता उलटी बाजू. शेजाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं? शास्त्रज्ञही फसतात.

सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली शोध लावला की रेणूवरून विखुरलेल्या उजेडाचा रंग किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. जाता जाता सांगतो, हेच रामन तरुणपणी सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते आणि १९१० च्या सुमारास आपल्या शेजारच्या नागपुरात त्यांची बदली झाली होती. तर रामन यांची ही खूण फार अंधुक असते. पुढे १९७४ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅकक्विलन यांना खरखरीत केलेल्या चांदीवर बसलेल्या रेणूंची खूण भलतीच ठळक दिसली. १९७७ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ही वाढ लाखपट, दहा लाखपट आहे. कारण तेच, हिंदकळणारे इलेक्ट्रॉन.

झालं! जगभर लोक चांदीवर रेणू बसवून लेझर टाकायला लागले. त्यात एक आवडता रेणू होता, पॅरा-अमिनोथायोफिनॉल. त्याच्या खुणेत काही जादा रेषा दिसायच्या. त्या का दिसतात याचं एक स्पष्टीकरण १९९४ मध्ये आलं आणि सुमारे दीड दशक बहुतेकांनी ते मानलं. २०१० मध्ये चीनमधल्या शियामेन विद्यापीठाच्या गटाने आणि इतरांनी सांगितलं की मंडळी, या रेषा त्या रेणूच्या नाहीतच. चांदी आणि लेझर मिळून त्या रेणूचं दुसऱ्याच रेणूत रूपांतर करताहेत. दोन रेणू जोडले जाऊन नवाच पदार्थ बनतोय, आणि तुम्ही त्याची खूण जुन्याच्या नावावर खपवताय.

मोजायला म्हणून टाकलेल्या उजेडानेच मोजायची वस्तू बदलून टाकली. आणि हे जोडलं जाणं कशावर अवलंबून? तर मोठ्या प्रमाणात शेजारच्या ऑक्सिजनवर. भोवती हवा असेल तर क्रिया जोरात, ऑक्सिजन काढून नुसता नायट्रोजन ठेवला तर ती मंदावते. म्हणजे एका प्रयोगशाळेत एक उत्तर आणि दुसरीत दुसरं येऊ शकतं, धातू, रेणू, लेझर सगळं सारखं असूनही.

ही काही फक्त विद्वानांची भांडणं नाहीत. चांदीच्या अशाच पृष्ठभागावर भाज्यांवरची कीटकनाशकं, दुधातली भेसळ ओळखण्याच्या पद्धती विकसित होताहेत. पृष्ठभाग स्वतःच रेणू बदलत असेल तर अहवालात काय येईल? म्हणून अशी तपासणी करताना भोवतीची हवा, आंबटपणा आणि उजेडाचा जोर यांची नोंद तितकीच महत्त्वाची.

ऊन की उष्णता?

या क्षेत्रात अजून एक वाद पेटलेला आहे आणि तो आपल्याला मे महिन्यात चांगला समजेल. धातूच्या कणावर उजेड टाकला, क्रिया वेगाने झाली. पण ती तप्त इलेक्ट्रॉनमुळे झाली, की कण नुसता तापला म्हणून झाली?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हालास यांच्या गटाने तांब्याच्या कणांवर थोडं रुथेनियम बसवून उजेडाने अमोनियाचं विघटन केलं, आणि तप्त इलेक्ट्रॉनचा वाटा मोठा आहे असं मांडलं. पुढच्याच वर्षी इस्रायलच्या सिवान, दुबी आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की तुम्ही तापमान नीट मोजलेलं नाही, हा सगळा उष्णतेचा खेळ आहे. हालास यांच्या बाजूने उत्तर आलं. या भांडणाचा फायदा असा झाला की आता असा प्रयोग करणाऱ्याला आधी तापमानाचा हिशोब द्यावा लागतो.

घरी करून बघण्यासारखा एक धडा देतो. तांब्याचे किंवा पितळेचे सहा सारखे तुकडे चिंचेने घासून लख्ख करा. दोन कोरडे ठेवा, दोन मिठाच्या पाण्यात, दोन लिंबाच्या रसात. प्रत्येक जोडीतला एक उन्हात, एक सावलीत. संध्याकाळी बघा आणि लिहून ठेवा. (ते पाणी आणि रस नंतर फेकून द्या, तोंडात घालू नका.) कोरड्या, खारट आणि आंबट तुकड्यांत फरक दिसेल, तो शेजाराचा. पण ऊन-सावलीत जो फरक दिसेल तो उजेडाचा म्हणायचा की उष्णतेचा? भंडाऱ्याच्या उन्हात वाटी चटका बसेल इतकी तापते, पाणीही आटतं. मग अजून एक जोडी घ्यावी लागेल, उन्हातच पण झाकलेली. तिचं तापमान उघड्या वाटीइतकंच ठेवावं लागेल. हे किती कठीण आहे ते करून बघितल्यावर कळतं. अर्थात एवढ्या मोठ्या तुकड्यावर प्लाझ्मॉनची करामत दिसत नाही, हा धडा फक्त विचार कसा करायचा याचा आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळांत हाच प्रश्न केसापेक्षा हजारो पटींनी लहान कणांवर विचारला जातो.

शेजार इथेही आलाच. कण पाण्यात असेल तर उष्णता लवकर वाहून जाते, वायूत असेल तर साचते. तेव्हा उष्णता किती हेसुद्धा शेजारीच ठरवतो.

आपल्याला काय त्याचं?

तुमच्यापैकी कोणीतरी म्हणत असेल, बाप्पा, आमचा धान आणि आमचा युरिया, यात सोन्याचे कण कुठे?

तर युरियाच घ्या. खरिपात रोवणीनंतर आपण जी ४५ किलोची बॅग आणतो, त्यातला नायट्रोजन हवेतून येतो. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करायला लोखंडाचा उत्प्रेरक, साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सियस आणि शंभराच्या वर वातावरणांचा दाब लागतो. प्रचंड इंधन जाळावं लागतं, नैसर्गिक वायूचा भाव वाढला की सरकारचा अनुदानाचा खर्च वाढतो. गंमत बघा, त्या लोखंडावरही थोडं पोटॅशियम मुद्दाम ठेवलेलं असतं. ते स्वतः अमोनिया बनवत नाही, पण शेजारी बसून नायट्रोजन फोडायला लोखंडाला मदत करतं. लोखंडावर अमोनिया कसा पायरीपायरीने बनतो हे उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अशा क्रिया इतक्या तापमानाऐवजी उजेडावर करता आल्या तर? हे त्या क्षेत्राचं स्वप्न आहे. २०२२ मध्ये हालास यांच्याच गटाने सोनं-रुथेनियम बाजूला ठेवून तांबं आणि लोखंड वापरलं, साध्या एलईडीचा उजेड घेतला आणि अमोनियापासून हायड्रोजन मोकळा केला. तांबं उजेड पकडतं, लोखंड रसायन करतं. तांबं आणि लोखंड! महाग धातूंची मक्तेदारी संपण्याची ही सुरुवात असू शकते. अजून हे शेतकऱ्याच्या बांधापासून फार लांब आहे. पण दिशा हीच आहे, आणि त्या दिशेला जाताना नुसता चांगला धातू शोधून भागणार नाही, त्याला चांगला शेजार द्यावा लागेल.

पटत नसेल तर तुमसर तालुक्याकडे बघा. चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणींतून मँगनीज निघतं. डोंगरी बुजुर्गचं खनिज तर सेलच्या कारखान्यांना जातं. तो काळा दगड उन्हात कितीही तापत ठेवा, त्यातून इंधन निघणार नाही. पण त्याच खाणीच्या बाहेर बांधीत उभ्या असलेल्या धानाच्या हिरव्या पानात, पाणी फोडून ऑक्सिजन मोकळा करणारं जे केंद्र आहे, त्यात मँगनीजचेच चार अणू असतात. सोबत एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याची रचना अगदी बारकाईने दाखवली. ते चार अणू प्रथिनांच्या एका खोबणीत बसलेले असतात. कुठून पाणी आत यायचं, कुठून हायड्रोजनचे भारित कण बाहेर जायचे, पोकळी कोणी भरायची, हे सगळं ती खोबण सांभाळते.

पान म्हणजे काही धातूचा पृष्ठभाग नव्हे, हे मला माहीत आहे. पण शिकवण तीच आहे. दगडातलं मँगनीज आणि पानातलं मँगनीज, दोन्हींवर ऊन एकच पडतं. एकाला शेजार मिळालाय, दुसऱ्याला नाही. सोन्याच्या कणाभोवती आयनिक द्रव घालणारा रसायनतज्ज्ञ खरं तर पानाने कधीच केलेली ती सोय आपल्या परीने करून बघतोय.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात नवसागर, कथील आणि कल्हई यांच्याबद्दल सविस्तर बोलू, कारण त्यावर बोलावं असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. तांबं-पितळेच्या तुकड्यांचा प्रयोग केलात तर काय दिसलं ते नक्की कळवा. फक्त कळवताना भोवती काय होतं, हवा दमट होती की कोरडी, लिंबू होतं की मीठ, आणि वाटी किती तापली होती, तेही लिहा. नाहीतर निकाल अर्धाच राहील.